‘गर्ल्स बँड क्राय’ बघताना काय बघावं, काय ऐकावं

तोएई अ‍ॅनिमेशनची ही 13 भागांची, कॉम्प्युटरवर केलेली अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका 2024 च्या एप्रिल ते जूनमध्ये जपानी टीव्हीवर आली. दिग्दर्शक काझुओ साकाई, लेखक जुक्की हानादा. शाळा अर्धवट सोडलेली 17 वर्षांची निना कुमामोतोहून टोकियोशेजारच्या कावासाकी शहरात एकटी राहायला येते. तिथे रस्त्यावर गाणाऱ्या मोमोकाशी तिची गाठ पडते आणि पुढे पाच जणींचा बँड उभा राहतो.

बघायला बसण्याआधी टीव्हीची सेटिंग तपासा. चित्र गुळगुळीत करणारी सोय सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’ नावाने असते. ती पूर्ण बंद करा. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेत सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी एकेक चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम तसंच धरून ठेवतात. कॉम्प्युटर प्रत्येक फ्रेम भरू शकतो, पण अशा मालिकांत मुद्दाम तसं करत नाहीत, कारण मग पात्रं बाहुल्यांसारखी तरंगायला लागतात. टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतःच घातल्या, की नेमका तोच तरंगता भाव येतो आणि दोष मालिकेच्या माथी जातो. पहिल्या दहा मिनिटांत ‘हे काहीतरी विचित्र दिसतंय’ म्हणून बंद करणाऱ्यांनी आधी एवढं करून बघावं.

खात्री करायची असेल तर बँडच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवरचं एखादं गाणं कॉम्प्युटरवर लावा, थांबवा आणि पूर्णविरामाची कळ एकेकदा दाबत जा. दर दाबाला एक फ्रेम पुढे सरकते. एकच मुद्रा किती दाब टिकते ते मोजा. सगळ्या जागी आकडा सारखा येत नाही, आणि कुठे बदलतो ते बघण्यातच गंमत आहे.

आता आवाज. फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते, तेवढ्या खालचा आवाज त्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. मग बास वाजवणारी रुपा नुसतीच उभी आहे असं वाटतं. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथवर आवाज थोडा मागे पडू शकतो आणि ड्रमवर काठी आधी पडून ठोका नंतर ऐकू येतो. वायरचा नसेल आणि तुम्ही विंडोज कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर वापरत असाल, तर के आणि जे या कळांनी आवाज 50 मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे सरकवता येतो. काठी आणि ठोका जुळेपर्यंत सरकवा. गोव्यातल्या पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असताना तर हेडफोनला पर्यायच नाही.

प्रत्येक गाणं दोनदा ऐका, दुसऱ्यांदा फक्त सुबारूच्या ड्रमकडे लक्ष ठेवून. भजनात टाळ धरून वाढलेल्यांचा हात आपोआप समेवर पडतो. रॉकमध्ये चार मोजले तर स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ढोलाचा) ठोका बहुतेक वेळा दोन आणि चारवर येतो. आधी नुसते तेवढेच दोन ठोके मांडीवर धरा. ते बसले की मोमोकाचा गिटारवरचा डावा हात बघा: सूर बदलतो त्याच क्षणी बोटं तारांवर जागा बदलतात का? कॉम्प्युटरवर केलेल्या मालिकेचं खरं बळ इथे आहे. वाद्यकारांची बोटं फ्रेमगणिक हाताने काढायची तर मेहनत अफाट लागते, म्हणून पुष्कळ मालिका अशा वेळी कॅमेरा चेहऱ्याकडे किंवा प्रेक्षकांकडे वळवतात.

बँडमधल्या पाचही जणींना आवाज दिलाय तो त्याच बँडमध्ये प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलींनी. मुरलेल्या व्हॉइस आर्टिस्ट नव्हेत, त्यामुळे सुरुवातीच्या भागांत संवाद थोडे कच्चे लागतात. मंगेशीच्या दीनानाथांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे अवघड जाऊ नये. संगीत नाटकात एखाद्याचं गद्य सामान्य असलं तरी पद सुरू झालं की मंडप सावरून बसतो. इथे निनाच्या बाबतीत उलटंही घडतं. तिचं भांडण इतकं खरं वाटतं, की गाणं त्या भांडणाचाच पुढचा भाग होतं. ती चिडली की अंगातून काटे फुटताना दिसतात. ते सजावट म्हणून सोडून देऊ नका, किती फुटले आणि कधी फुटले नाहीत ते बघा.

पहिले तीन भाग एका बैठकीत संपवा. एकेक भाग साधारण 24 मिनिटांचा आहे. पाचव्या भागात, बँड अजून तिघींचाच असताना, कार्यक्रमाच्या वेळी त्यांच्या टी-शर्टवर जपानीत मोठे शब्द आहेत: निनाच्या शर्टवर शाळेत न जाणारी, मोमोकाच्या बँड सोडलेली, सुबारूच्या खोटारडी. सबटायटल वाचण्याच्या नादात हे निसटतं, तेव्हा तिथे थांबवून बघा. ज्याची लाज वाटते तेच छातीवर लावून त्या मंचावर उभ्या आहेत, आणि मालिकेचा सगळा स्वभाव त्यात आला. आठवा भाग दमलेल्या रात्री लावू नका, त्यातली खडाजंगी मन लावून ऐकायची आहे.

इंग्रजी सबटायटल पहिल्या वेळी ठेवा, कारण गाण्यांचे शब्द कथेशी जोडलेले असतात. दुसऱ्या वेळी गाण्यापुरते बंद करा, म्हणजे नजर हातांवर राहील.