कार्डाची थकबाकी अशी मिटवली

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापतात, व्याजदर बारीक अक्षरांत. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शंभर रुपये थकले आणि किमान म्हणून पाच भरले, तर चार रुपये तेरा पैसे व्याज-करातच जातात; मुद्दल ८७ पैशांनी हलतं. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज चालू.

म्हणून आधी कार्ड वापरणं बंद केलं, ॲपमधून ऑनलाइन व्यवहारही बंद केले. मग ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेतून कर्ज काढून सगळी बाकी एकरकमी भरली. तिथला दर कार्डाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. अवघड होतं ते दोन जामीनदार मिळवणं. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीकाकांना विचारताना जीभच रेटेना. ते म्हणाले, “सही करतो, पण पुढच्या दिवाळीला नवा टीव्ही दिसला तर बघ!”

बँकेच्या वसुलीवाल्याने मध्येच ‘सेटलमेंट’, म्हणजे काही रक्कम भरून उरलेली माफ, अशी तडजोड सुचवली होती. नको म्हटलं. थोडे पैसे वाचतात, पण सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे गृहकर्जाला नडतो.

बाकी शून्य झाल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती ईमेलनेच करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.