केळी हिरवी घ्या, घरी पिकवा

जळगाव जिल्ह्यात राहून पिकलेली केळी डझनाच्या भावाने घेणं म्हणजे विहिरीकाठी बसून पाणी विकत घेणं. रावेर-यावल पट्ट्यात माल भरताना वाकड्या, लहान किंवा सालीवर डाग पडलेल्या फण्या बाजूला काढतात. आतला गर तोच! गाडी भरणं चालू असताना विचारलं, तर त्या बऱ्याचदा किलोवर स्वस्तात मिळतात. हिरव्याच मागा, पण केळ्याच्या कडा गोलसर भरलेल्या हव्यात. कडा धारदार असतील तर केळं कोवळं आहे. ते पिकलं तरी बेचवच लागतं.

घरी एक फणी आणि एक पिकलेलं केळं कागदात गुंडाळून खोक्यात झाका. पिकल्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्यानेच बाकीची पिकतात. तीन-चार दिवसांत रंग धरतो, उन्हाळ्यात त्याआधीच. पुढची फणी दोन दिवसांनी घाला. मी एकदा पाचही फण्या एकदम घातल्या आणि गल्लीभर केळी वाटत फिरलो. फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते.

बाकी फळांना आठवडे बाजार, तोही दिवेलागणीला. उरलेला माल परत न्यायचं विक्रेत्याच्या जिवावर येतं. सातपुड्यातली सीताफळं दिवाळीच्या आगेमागे टोपलीने येतात, डोळे उघडलेली तेवढी निवडा. थंडीत मेहरूणची बोरं. शहाद्याकडची पपई पिवळी रेघ उमटलेली घ्या, पूर्ण पिवळी झालेली घरी पोचेपर्यंत दबते.