वाळू गटाला हो म्हणायचं का? ग्रामसभेआधी हा हिशोब करा

गिरणा, तापी नाहीतर पांझराकाठच्या गावात वाळू गटाचा, म्हणजे पात्रातल्या उपशासाठी ठरवलेल्या तुकड्याचा, लिलाव निघाला की ग्रामसभेत दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते गावाला पैसा येईल, दुसरी म्हणते नदी संपली, आणि आकडा कोणाकडेच नसतो. म्हणून हात वर करायच्या आधी वही काढा भो.

फायदा सोपाय. रॉयल्टी शासनाची, त्यातलं ग्रामपंचायतीला काय येणार ते तहसीलमधून लेखी घ्या. घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू फुकट मिळते, ती पण धरा. रोजगार मात्र जपून धरा, कागदावर मजूर लिहितात अन पात्रात जेसीबी उतरतो.

आता पाणी, इथं घाई करू नका. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २,८३० लिटरची जागा. ओल्या जाड वाळूतून त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी तरी सुटतं, म्हणजे ब्रासमागे साडेपाचशे लिटर, आणि ही टाकी दर पुराला परत भरते. त्याहून वाईट म्हणजे पात्र जितकं खाली जाईल तशी काठच्या विहिरींची पातळी पण खाली ओढली जाते. म्हणून दोरीला दगड बांधून विहिरी आत्ताच मोजून ठेवा, भूजल सर्वेक्षणवाले जानेवारी, मार्च, मे अन ऑक्टोबरला मोजतात, तेच महिने धरा म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडता येतं. मग विचारा, काठच्या सगळ्या विहिरी एकेक परस, म्हणजे माणसाच्या उंचीएवढ्या, खोल करायला किती पैसे लागतील, मोटारी बदलायला किती, आणि मे महिन्यात केळीला पाणी तुटलं तर घड काय भरणार? ह्याच रकान्यात बहुतेक गावांचा फायदा बुडतो, माझं तरी हेच मत आहे.

रस्ता पण लिहा, १ ब्रास वाळू ४ टनाच्या वर भरते आणि शिवाररस्ते बैलगाडीसाठी होते. इंजिनियरकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या.

वर धरण असलं तर नवीन वाळू तिथंच अडते, मग पैसा एकदाच येणार आणि खड्डा मात्र वर्षानुवर्षं राहणार, खर्च ५ वर्षांचा धरा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे पेसा कायदा (१९९६), म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा आहे, तिथं ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय गौण खनिजाचा, म्हणजे वाळूचा पण, पट्टा देता येत नाही, ते बळ वापरा.

एवढं करून हो म्हणायचं ठरलंच तर ठरावात खोली मीटरमध्ये लिहा, विहिरी अन पुलापासूनचं अंतर लिहा, रात्री उपसा बंद लिहा, आणि ठरावाची शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी घ्या.