कांजिण्या आणि कूलरची हवा

घरात पोराला कांजिण्या निघाल्या की आपण त्याला वेगळ्या खोलीत ठेवतो आणि नागपूरच्या उन्हात कूलर लावून देतो. गडबड इथेच होते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. खोलीची खिडकी बंद आणि दार उघडं असेल, तर तीच हवा पोराच्या अंगावरून घरभर फिरते, आणि कांजिण्या हवेतूनही पसरतात. म्हणून दार लावा, बाहेरची खिडकी चांगली वीतभर उघडी ठेवा. खोलीत उदबत्ती धरून बघा, धूर खिडकीकडेच जायला हवा.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोराला बाहेर काढू नका. ताप असला तरी ॲस्पिरिन मुळीच नको.

आपल्याकडे ‘माता आली’ म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. तो पाहून शेजारी बाहेरूनच विचारपूस करतात, ही रीत मला फार आवडते. भावंडांचं मात्र लोक विसरतात. ज्यांना आधी कांजिण्या झाल्या नाहीत, लसही नाही, त्यांना आजारी पोराच्या संपर्कानंतर २१ दिवसांपर्यंत कधीही निघू शकतात आणि पुरळ दिसायच्या १-२ दिवस आधीपासूनच त्या दुसऱ्याला लागतात. म्हणून ते २१ दिवस या भावंडांना गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाजवळ पाठवू नका.