एक्स्टेन्शन ट्यूब लावून किडे आणि कोळी टिपताना

एक्स्टेन्शन ट्यूब ही दोन्ही टोकांना कॅमेऱ्याचे माउंट असलेली साधी पोकळ नळी असते. तिच्यात भिंग नसते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स सेन्सरपासून काही मिलिमीटर पुढे सरकते आणि एरवी जिथे फोकस होत नाही, इतक्या जवळची वस्तू स्पष्ट दिसू लागते. नळी लावलेली असेपर्यंत दूरचे मात्र काहीच फोकस होत नाही. मॅक्रो लेन्सच्या किमतीपुढे या नळ्या फारच स्वस्त पडतात आणि बाजारात साधारणपणे १२, २० व ३६ मिमी अशा तीन नळ्यांचा संच मिळतो. संच हातात आल्यावर पहिल्याच दिवशी तिन्ही नळ्या एकावर एक चढवण्याचा मोह होतो. तो आवरण्याची कारणे केवळ हिशेबातूनही कळतात.

नळीच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागले की नळीमुळे मिळणारे वर्धन, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या किती पट उमटते, ते कळते. ५० मिमी लेन्सची फोकस रिंग अनंतावर ठेवून २० मिमी नळी लावली, तर वर्धन ०.४ येते, म्हणजे सुमारे २३.५ मिमी रुंदीच्या एपीएस-सी सेन्सरवर जवळजवळ ६ सेंमी रुंदीचा भाग मावतो. तिन्ही नळ्या मिळून ६८ मिमी होतात, वर्धन १.३६ होते आणि चौकटीत जेमतेम १७ मिमी उरतात. मोठेपणा मिळाला, पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. भिंगाच्या मध्यापासून किड्यापर्यंतचे अंतर साडेसतरा सेंटिमीटरवरून पावणेनऊपर्यंत खाली येते, आणि त्यातलेही बरेचसे लेन्सच्या नळकांड्यातच जाते. सेन्सरवर पोचणारा प्रकाश एका नळीने निम्मा होतो, तर तिन्ही नळ्यांनी सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ ८ वर असताना (आकडा मोठा तितके छिद्र लहान) पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा पावणेतीन मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जातो. अर्ध्या मिलिमीटरमध्ये माशीचा एक डोळासुद्धा पुरता मावत नाही. म्हणून पहिले दोन महिने एकट्या २० मिमी नळीवरच काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जोडणीचे खरे वर्धन पाहायचे असेल, तर शाळेतल्या कंपासपेटीतील पट्टीचा फोटो काढावा. चौकटीच्या रुंदीत पट्टीचे जितके मिलिमीटर दिसतील, त्यांनी सेन्सरची रुंदी भागावी. एवढ्या एका फोटोवरून कोणत्या नळीवर मुंगी घ्यायची आणि कोणत्या नळीवर चतुर, हे ठरवता येते.

लेन्स निवडतानाही थोडा विचार करावा लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूमवर नळी लावायची असेल, तर झूम ५५ वरच ठेवावा. १८ वर ३६ मिमी नळी लावली, तर फोकसचा बिंदू जवळजवळ काचेलाच टेकतो आणि दिवसभर कॅमेरा पुढेमागे केला तरी काहीही स्पष्ट होत नाही. नळीच बिघडलेली आहे, अशी नवख्याची समजूत होते ती इथेच. फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी ५५-२५० सारखी लांब लेन्स जास्त सोयीची ठरते. तिच्यावर वर्धनात पडणारी भर थोडी असते, पण किड्यापासून बरेच लांब उभे राहता येते आणि तो उडून जात नाही.

खरेदी करताना नळीच्या आतल्या कडेवर विद्युत संपर्काचे सोनेरी ठिपके आहेत की नाहीत, ते स्वतः पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी पहिला संच घेतला तो संपर्काविनाचा निघाला. अशा नळीवर कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघडीच राहते, तर अॅपर्चरची कडी नसलेली निकॉनची जी प्रकारची लेन्स पूर्ण मिटून जाते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. अॅपर्चरची कडी असलेली जुनी मॅन्युअल लेन्स हाताशी असल्यास मात्र ही स्वस्त नळीही उत्तम काम देते. प्लॅस्टिकच्या माउंटवर जड लेन्स लोंबकळत ठेवू नये. डावा तळवा कायम लेन्सखाली असावा.

आता प्रकाशाविषयी. या छंदातले खरे कसब इथेच लागते. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर १/१६० ते १/२०० सेकंद, अॅपर्चर एफ ८ ते एफ ११ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० ते ४०० ठेवावा, आणि उजेडाचे काम फ्लॅशवर सोपवावे. फ्लॅशचा झोत शटरपेक्षा कितीतरी कमी काळ टिकत असल्याने हाताचा कंप आणि वाऱ्याने हलणारे पान, दोन्ही त्यात थिजतात. स्पष्ट दिसणारा पट्टा वाढवण्याच्या हौसेने एफ २२ पर्यंत जाऊ नये. वर्धन १:१ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढीच) असताना एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ सारखेच वागते आणि त्यापुढे सगळेच चित्र मऊ पडू लागते.

उघडा फ्लॅश किड्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरे चट्टे उमटवतो. त्यावरचा माझा उपाय अर्धा किलो श्रीखंडाच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणाचा आहे. झाकणात लेन्सच्या तोंडाएवढे गोल भोक कापावे, पण ते मधोमध न घेता खालच्या कडेजवळ घ्यावे, म्हणजे झाकणाचा मोठा भाग लेन्सच्या वर उभा राहतो आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरील फ्लॅशचा उजेड त्याच्यातून गाळून किड्यावर पडतो. हे झाकण नसेल, तर नळीसह लांब झालेल्या लेन्सची सावली थेट किड्यावर येते. उजेड मऊ झाला की नाही, हे किड्याच्या डोळ्यातच दिसते. तिथे सुईच्या टोकाएवढा कडक ठिपका असेल तर झाकण किड्याच्या आणखी जवळ न्यावे. दुधाळ, पसरट चकाकी असेल तर काम साधले. पार्श्वभूमी काळीकुट्ट येत असेल, तर किड्यामागे दोनतीन बोटांच्या अंतरावर एखादे पान येईल असा कोन शोधावा, कारण फ्लॅशचा उजेड त्यापलीकडे फारसा पोचत नाही.

ऑटोफोकस बंद करावा. नळीवर फोकस रिंग फिरवून विशेष हाती लागत नाही. रिंग एका जागी ठेवून स्वतःच अगदी सावकाश पुढेमागे झुकावे आणि डोळा लख्ख दिसला की त्याच क्षणी शटर दाबावे. डाव्या हाताच्या दोन बोटांत डहाळी धरून लेन्स त्याच हातावर टेकवली, तर किडा आणि कॅमेरा एकत्रच हलतात आणि फोकस टिकतो. तिपाईपेक्षा ही युक्ती मला शतपटीने उपयोगी पडली आहे. श्वास सोडल्यानंतरच्या स्थिर क्षणी तीनचार फोटो सलग घ्यावेत. दहांतला एक जमला तरी दिवस चांगला गेला असे समजावे. चतुराचे पंख घ्यायचे असतील, तर सेन्सर पंखांना समांतर राहील असे उभे राहावे, म्हणजे तो अरुंद पट्टाही पंखभर पुरतो.

सरावासाठी घरातल्या भिंतीवर किंवा गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यासारखा दुसरा गुरू नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्लेक्सिपस पेकुली एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. नराच्या काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असतो. याला आठ डोळे असतात आणि समोरचे मधले दोन सर्वांत मोठे. लेन्स हळूहळू जवळ नेली, की तो पळत नाही, तर सबंध अंग वळवून लेन्सकडे तोंड करतो, कारण हालचाल दिसली की नीट पाहून घेणे हा त्याच्या शिकारीचाच भाग आहे. अशा वेळी थांबावे, त्याच्या पातळीवर यावे आणि मधल्या दोन्ही डोळ्यांवर फोकस घ्यावा. एकाच डोळ्यावर फोकस असेल, तर चेहरा तिरका आहे. कॅमेरा किंचित वळवावा. वरून घेतलेला फोटो ओळख पटवायला पुरतो, चेहरा मात्र समोरूनच मिळतो.

किडे पहाटे शोधावेत. ते स्वतः अंग गरम ठेवू शकत नसल्याने गारठ्यात सुस्त असतात आणि ऊन चढेपर्यंत दवासह बसून राहतात. पावसाच्या सुरुवातीला मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा तर मुद्दाम वाट पाहून घ्यावा. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात, कारण तो कीटक नसून कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे. तो जमिनीसरशी चालतो, म्हणून गोणपाट अंथरून पालथे पडण्यावाचून गत्यंतर नाही. किडा हालू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणारे काही महाभाग आहेत. तसे करू नये. गारठलेल्या किड्याचे पाय अनैसर्गिक आखडलेले असतात आणि जाणकाराला ते फोटोत चटकन दिसते. जाळ्यातल्या कोळ्याचा फोटो घेताना आधाराचे धागे तोडू नयेत आणि पान वाकवले असेल तर ते हलकेच पूर्वस्थितीत सोडावे.

नळी बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे, म्हणजे धूळ सेन्सरवर पडत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर लेन्स, नळ्या आणि श्रीखंडाचे झाकण पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे. पुड्यांचा रंग बदलला की त्या नव्याने वाळवाव्यात.