शिराझ ओळखायची तर आधी मणी चावून बघा

रेड वाईनचा पहिला घोट घेतला की बरेच जण तोंड वाकडं करून म्हणतात, "अगं ही तर तुरट लागतेय, द्राक्षाची असून गोड कशी नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बाटलीत नाही तर द्राक्षाच्या मण्यात आहे. म्हणून मी कुणालाही शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन, समजावताना द्राक्षापासूनच सुरुवात करते.

जमलं तर फेब्रुवारीत नाशिकला, दिंडोरीच्या बाजूला जा. जानेवारी ते मार्च तिकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. बागवाल्यांना विचारून शिराझचा एक मणी घ्या. आपल्या थॉमसनच्या मानाने एकदम बारका, निळा-काळा, आणि आत बिया. बोटात दाबला की जो रस येतो तो जवळजवळ बिनरंगी असतो, पण साल चोळलीत की बोटं जांभळी होतात, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते ना तशी. म्हणजे रंग सगळा सालीतला. आता मणी चावा, गर भरपूर गोड लागेल, पण साल आणि बी चावल्यावर हिरड्या सुकल्यासारख्या होतात, तोच तुरटपणा म्हणजे टॅनिन. रेड वाईन करताना रस सालीबियांसकट आंबवतात, यीस्ट साखर खाऊन टाकून तिचं अल्कोहोल करतं आणि सालीतला रंग, तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. गोडी गेली, तुरटपणा राहिला, तो का ते कळलं ना आता? मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून ही वाईन इतकी गडद आणि दणकट.

नावाचा घोळ पण आधीच मिटवून टाकू. सिराह आणि शिराझ हे एकच द्राक्ष. इराणमधल्या शिराझ शहरातून ते आलं अशी गोष्ट खूप ठिकाणी सांगतात पण 1998 च्या सुमारास डीएनए तपासला तेव्हा त्याचे आईबाप फ्रान्समधलेच निघाले, द्युरेझा आणि माँद्यूज ब्लांश या द्राक्षाच्या दोन जाती. त्याचं घर म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा उत्तर भाग, एर्मिताज, कोत-रोती ही तिथली वाईनसाठीची मोठी नावं. 1830 च्या दशकात जेम्स बझ्बी याने युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियाला नेल्या त्यात हे पण होतं आणि तिथे, बरोसासारख्या उन्हाच्या भागात, त्याची चवच वेगळी झाली. थंड भागात काळी मिरी, ऑलिव्ह, थोडा धुरकट वास, गरम भागात पिकलेल्या काळ्या फळांचा जॅम आणि चॉकलेट. लेबलवर सिराह लिहिलंय की शिराझ यावरून बनवणाऱ्याला कुठली स्टाईल हवी होती त्याचा अंदाज येतो, नेहमी नाही पण बऱ्याचदा.

आता प्यायचं. सगळ्यात मोठी चूक तापमानाची होते. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे हो, आपल्याकडे मे महिन्यात रूम 34 डिग्री असते. मी स्वतः पहिली शिराझ अशीच कपाटातून काढून प्यायले होते, नाकात नुसता स्पिरिटचा भपका, आणि कित्येक महिने परत हात लावला नाही. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, 16 ते 18 डिग्रीला ती छान लागते. प्यायच्या आधी एखाद तास उघडून जगमध्ये ओतून ठेवलीत तर तुरटपणा पण जरा नरम होतो.

ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून वाईनची कड बघा, जांभळट असेल तर वाईन तरुण, विटकरी असेल तर जुनी. ग्लास गोल फिरवून वास घ्या आणि मिरी शोधा. हा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, शिराझमधल्या मिरीच्या वासामागे तेच आहे हे 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, आणि खऱ्या काळ्या मिरीत पण तेच असतं! साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही, त्यामुळे तुम्हाला नाही आला तर स्वतःला दोष देऊ नका. शेजारी थोडी मिरी भरडून ठेवा, एकदा ती हुंगा, एकदा ग्लास. मग घोट तोंडात दोन-चार सेकंद फिरवा. बॉडी म्हणजे काय ते इथे कळतं, गाईचं दूध आणि म्हशीचं दूध यात जिभेला जो फरक लागतो ना, तोच.

खायला कोळशावर भाजलेलं किंवा मिरी घातलेलं सुकं मटण, झक्कास. झणझणीत तांबडा रस्सा मात्र नको, तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि वाईन कडू लागते. खरं शिकायचं असेल तर चार जण मिळून दोन बाटल्या घ्या, एक नाशिकची एक ऑस्ट्रेलियाची, शेजारी शेजारी ठेवून चाखा, आणि गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी फक्त वास घ्यायचा. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, प्यायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा.