मालवणात स्कूबा शिकायचं तर कोर्स कसा निवडावा

मालवण-तारकर्लीला येऊन बहुतेक पर्यटक जे ‘स्कूबा’ करतात, तो कोर्स नव्हे. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून खाली नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. मजा येते, पण सिलिंडरचा कॉक कोणत्या बाजूला फिरतो हेही कळत नाही. शिकायचं असेल तर ‘ओपन वॉटर डायव्हर’ कोर्स मागा. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात: थिअरी, तलावात किंवा शांत उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. एका दिवसात प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबरात खाड्यांचा गढूळपणा बऱ्याचदा उरलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. आरोग्याचा फॉर्म देतात का? दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांची सही लागते. ‘सगळीकडे नाही लिहा’ असं सांगितलं की उठून या. पोहण्याची परीक्षा घेतात का? न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यायला हवं. तिसरा प्रश्न आमच्या मते सगळ्यात मोलाचा: सामानाची जुळणी कोण करणार? ‘आमची पोरं करून देतील’ हे उत्तर ऐकायला सोयीचं, पण शिकणाऱ्याचं नुकसान करणारं. जुळणी दर वेळी तुमच्याच हातून व्हायला हवी.

ती अशी करतात. बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा, पट्टा आधी भिजवा; कोरडा बांधला तर पाण्यात सैल पडून सिलिंडर घसरतं. कॉकचं तोंड जॅकेटकडे ठेवून पट्टा आवळा, मग जॅकेट धरून उचलून बघा. सिलिंडर सरकलं तर पुन्हा बांधा. कॉकच्या तोंडावरची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल चकती, बोटाने तपासा: चीर किंवा वाळूचा कण असला की हवा फुसफुसते. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारं उपकरण, असं बसवा की तोंडात धरायच्या दोन्ही नळ्या उजवीकडे येतील, जॅकेटची नळी आणि गेज, म्हणजे हवेचा दाब दाखवणारं मीटर, डावीकडे. गेजची काच स्वतःपासून दूर वळवून कॉक सावकाश पूर्ण उघडा. काटा २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास हवा.

आता गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत येत असेल तर कॉक अर्धवटच उघडलाय. वर ठीक वाटेल, पण खोलवर हवा ओढताना दम लागेल. हवेला तेलाचा वास आला तर ते सिलिंडर बाजूला ठेवा. शेवटी जॅकेटमध्ये हवा भरून, सोडून बघा आणि सिलिंडर आडवं करा. उभं ठेवलेलं सिलिंडर होडीच्या एका हेलकाव्यात कुणाच्या तरी पायावर पडतं.

पाण्यातून निघताना किमान ५० बार शिल्लक हवेत. सामान गोड्या पाण्यात धुताना रेग्युलेटरचं झाकण आधी लावा आणि तोंडात धरायच्या भागावरचं मधलं बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत शिरतं.

परतीचं वेळापत्रकही आधीच ठरवा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. आंबोली घाटही त्याच संध्याकाळी चढू नका: उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. मुक्काम एक रात्र वाढवा.